एका फुटाला एक इंच

दादांनी माझी पहिली खुर्ची मोडली तेव्हा मी दहा वर्षांची होते. खुर्ची माझ्या करंगळीएवढी होती. आइस्क्रीमच्या काड्या फरशीवर घासून, पांढऱ्या डिंकानं चिकटवून मी ती चार दिवस खपून केली होती. दादा पहिल्या पाळीहून घरी आले, हातपाय धुऊन चहाला बसले, तेव्हा मी ती त्यांच्या बशीशेजारी नेऊन ठेवली. दादा म्हणजे आमचे वडील. पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला माल मोजून बघायचा, मापात असला तर पुढे सोडायचा, नसला तर लाल खडूनं फुली मारून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी करून बघितली, मग भिंतीवरचा आरसा काढून जमिनीवर आडवा ठेवला आणि खुर्ची त्या काचेवर उभी केली. नखानं टोचली. खुर्ची काचेवर टकटक वाजली. "एक पाय अधांतरी आहे," ते म्हणाले आणि अंगठ्यानं ती दाबली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. तुकडे गोळा करून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. "रिजेक्ट माल घरात ठेवायचा नाही, विजू. ठेवला की डोळ्याला त्याची सवय होते." मग चहा प्यायले. चिडले नव्हते ते. चिडले असते तर मला कळलं असतं की काहीतरी वाईट झालंय. त्यांच्या शांतपणामुळे मला वाटलं, चूक माझी आहे आणि घरोघरी असंच चालतं.

आमचं घर म्हणजे कामगारांच्या कॉलनीतल्या दोन खोल्या, मागं मोरी आणि पुढं चार हात ओटा. पलीकडच्या गल्लीत एक प्रेसचं वर्कशॉप होतं, त्याचा धप्प धप्प आवाज दिवसभर जमिनीतून यायचा. पाहुणे आले की दचकायचे, आम्हाला मात्र सुट्टीच्या दिवशी तो थांबला की चुकल्यासारखं वाटायचं. भोंग्यावर आमचं घर चालायचं. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आईच्या भाकऱ्या व्हायच्या, आणि पाळी सुटल्याच्या भोंग्याला ती चहाचं आधण ठेवायची. आई चाकणजवळच्या एका गावची. माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे घरात कांद्याला तोटा नव्हता. पोतंभर कांदा मोरीजवळ कायम, त्याच्या वासातून कपडेसुद्धा सुटत नसत. सणाला ती मासवड्या करायची. पिठाच्या पोळीत सारण भरून वळायची, आणि वड्या कापताना दादा ताटावरून म्हणायचे, "ही बारीक झाली, ही जाड." आई म्हणायची, "पोटात गेल्यावर समदं येकच हाय." त्यावर दादा हसत नसत. जाड वडी ते बाजूला सारायचे, अगदी लाल फुली मारल्यासारखी, आणि ती नंतर आई खायची. आईनं आयुष्यभर बाजूला सारलेलंच खाल्लं, हे मला फार उशिरा दिसलं.

पहिली खुर्ची मोडल्यावर मी दुसरी केली. तीही मोडली. सातव्या की आठव्या खुर्चीला काच वाजली नाही. दादांनी तिला तीनदा टोचलं, चारी बाजूंनी बघितलं आणि "पास" म्हणाले. बाकी काही नाही, फक्त पास. पण मी त्या रात्री जेवले नाही इतकी माझी भूक त्या एका शब्दानं भागली होती. पुढच्या रविवारी त्यांनी मला छोटी कानस दिली, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा कापड गुंडाळून करवतीसारखा करून दिला आणि काटकोन बघायचा सुतारी गुण्या दिला. कंपनीतून रीतसर गेटपास काढून एक देवदारी खोकं आणलं आणि त्याचं चार खोल्यांचं बाहुलीघर स्वतः केलं. त्याची समोरची बाजू उघडी होती, दारं-खिडक्या कापलेल्या. मग मला समोर बसवून सांगितलं, "एका फुटाला एक इंच. खरं कपाट सहा फूट असेल तर तुझं सहा इंच. साडेसहा झालं की ते कपाट नव्हे, नुसता डबा." त्या मापानं मी तीन वर्षं काम केलं. पलंग, टेबल, सहा खुर्च्या, पुस्तकांची मांडणी, आरामखुर्ची, खणाचं कपाट. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि ओट्यावर बसायचं. मैत्रिणी लंगडी खेळायला बोलवायच्या, मी जायची नाही. रोज संध्याकाळी आरसा खाली यायचा. पलंग दोनदा मोडला, कपाट पाच वेळा. पाचव्यांदा कपाट काचेवर वाजलं तेव्हा मी स्वतःच ते मोडून दादांच्या हातात दिलं; ते नुसते "हं" म्हणाले, आणि मला वाटलं, आता मला कळायला लागलंय.

त्या घरात बाहुली नव्हती. आईनं चिंध्यांची एक करून दिली होती, पण दादांनी ती मापात बसत नाही म्हणून बाहेर काढली. तिच्यापेक्षा लहान करता येणार नाही, असं आई म्हणाली, तर दादा म्हणाले, "मग नको. बाहुलीवाचून काही अडत नाही." आज कुणी ऐकलं तर हसेल. बाहुलीघर, आणि त्यात बाहुलीला जागा नाही.

माझी धाकटी बहीण कुंदा माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला कुणी काही शिकवलं नाही. मी टाकलेल्या काड्या, आगपेट्या, आईच्या शिवणाच्या चिंध्या असलं घेऊन ती मोरीच्या उंबऱ्याशी बसायची आणि स्वतःशी बोलत काहीबाही करायची. दादांपुढे तिनं ते कधी नेलं नाही आणि दादांनी कधी मागितलं नाही. तिच्याकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. तिच्या वस्तूंना माप नव्हतं. पण त्या आमच्या घरातल्या होत्या. माझं टेबल मी मासिकातल्या चित्रावरून केलं होतं, तसलं टेबल आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हतं. कुंदानं आमची पाण्याच्या हंड्यांची घडवंची केली होती, एका बाजूला कललेली, कारण आमची कललेलीच होती. आईचा पाट केला होता, मधे झिजलेला. दादांची खाट केली होती, तिच्यावर गोधडी अशी टाकलेली की माणूस आत्ताच उठून गेलाय. अशा अकरा वस्तू होत्या. मी त्या बघितल्या होत्या आणि मला त्या पोरकट वाटल्या होत्या. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

मी तेरा वर्षांची असताना कॉलनीच्या गणेश मंडळानं मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन ठेवलं. दादांनी बाहुलीघराचं नाव नोंदवलं. आठ दिवस उरले होते. आई मामीच्या बाळंतपणाला गावाकडे गेली होती, स्वयंपाक माझ्याकडे होता, आणि पलंगाचं पॉलिश अजून व्हायचं होतं. एका संध्याकाळी दादा चहा पिता पिता मोरीकडे गेले आणि तिथे उंबऱ्याशी कुंदाचं कपाट त्यांना दिसलं. आगपेट्यांचं होतं ते. आमच्या खऱ्या कपाटाचं एक दार बसत नसे, आई त्यात कागदाची घडी खुपसायची. आणि मागचा एक पाय आखूड होता, त्याखाली जुन्या वर्तमानपत्राची चवड होती. कुंदानं दारात नखाएवढी घडी खुपसली होती आणि पायाखाली कागदाचे चार पापुद्रे ठेवले होते. दादांनी ते हातात घेतलं. मी आरसा आणायला उठले. तेवढ्यात दादा हसले.

मी दादांना तोवर हसताना बघितलं नव्हतं असं नाही. शेजारचे लोक आले की ते हसायचे. पण हे हसू वेगळं होतं, ते त्यांना आलं होतं, त्यांनी आणलं नव्हतं. "हे आपलंच की गं," ते कुंदाला म्हणाले. "पायाखालचा पेपरसुद्धा." कुंदा घाबरून उभी होती. मी म्हणाले, "दादा, आरसा." ते म्हणाले, "नको. ह्याला काय मोजायचंय?" आणि ते कपाट त्यांनी रेडिओच्या फळीवर नेऊन ठेवलं. जरा वेळानं, जेवताना, सहज म्हणाले, "विजू, प्रदर्शनात तुझं कपाट काढून हे ठेवू. लोकांना मजा वाटेल."

मी हो म्हणाले. भाकरी वाढली. माझं कपाट पाच वेळा मोडलं होतं.

शनिवारी शाळा सकाळची असायची. आम्ही दोघी दुपारी घरी आलो, मी कुंदाला वरणभात वाढला, तिनं खाल्ला, मग मी तिला सांगितलं, "तुझ्या सगळ्या वस्तू घेऊन ये. दादांनी सांगितलंय, प्रदर्शनाआधी सगळा माल तपासायचा." दादांनी असं काही सांगितलं नव्हतं. ती आनंदानं गेली आणि फ्रॉकच्या ओच्यात घालून सगळ्या वस्तू घेऊन आली. फळीवरचं कपाट मी खाली काढलं. मी आरसा जमिनीवर ठेवला. आधी घडवंची ठेवली. नखानं टोचली. ती वाजली. कुंदा म्हणाली, "ती तशीच आहे ताई. आपली कलतेच ना." मी म्हणाले, "एक पाय अधांतरी आहे. रिजेक्ट." आणि मोडायला अंगठा लावला, पण मोडली नाही. मला एक गोष्ट सुचली, आणि ती मला कुणी शिकवली नव्हती, ती माझी होती. मी घडवंची तिच्यापुढे सरकवली. "तूच मोड."

तिनं घडवंची उचलली. "दादांनी सांगितलंय?"

"हो. ज्याचं त्यानं मोडायचं. मी नाही का माझं कपाट मोडलं?"

तिनं मोडली. नऊ वर्षांची होती. मी पाट ठेवला, खाट ठेवली, तिनं केलेला आगपेटीचा रेडिओ ठेवला. प्रत्येक वस्तूला मी काच वाजवून दाखवली, कुठे माप चुकलंय ते समजावून सांगितलं, दादांच्याच सुरात, न ओरडता. ती तिसऱ्या वस्तूपासून रडायला लागली, पण हात थांबले नाहीत. नाक ओढत, एक एक हातात घेऊन ती मोडत गेली. एकेका वस्तूचे तुकडे मी ओळीनं वेगळे मांडत होते. शेवटी कपाट राहिलं. ते तिनं उचललं, दारातली कागदाची घडी हळूच काढून घेतली, मुठीत धरली आणि मग कपाट दोन्ही तळव्यांत दाबलं. मी आरसा पुसून भिंतीला टांगला. मला काय वाटलं ते मी इथं खरं लिहिणार आहे, कारण आता खोटं लिहून काही मिळणार नाही. मला बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या काचेच्या दुसऱ्या बाजूला मी बसले होते.

दादा आले, तेव्हा तुकडे तसेच जमिनीवर होते. मी ते मुद्दाम उचलले नव्हते की विसरले, आज सांगता येत नाही. दादांनी चपला काढल्या, ओळीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "हे कुणी मोडलं?"

"तिनंच," मी म्हणाले. शब्दाला शब्द खरं होतं ते.

"कुंदे, तू मोडलंस?"

कुंदानं माझ्याकडे बघितलं. तेव्हाच तिला कळलं, दादांनी काही सांगितलेलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते कळताना मला दिसलं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती म्हणाली, "वाकडं होतं, दादा."

दादांनी स्टीलची पट्टी घेतली. तिला हात पुढे करायला सांगितलं आणि दोन्ही तळहातांवर मारलं, मोजून, एका हाताला जेवढ्या तेवढ्याच दुसऱ्या हाताला. "केलेलं काम मोडायचं नाही," ते प्रत्येक वेळी म्हणत होते. मी पिठाच्या डब्याशी उभी होते. भाकरीसाठी पीठ काढलेलं होतं, ते मी मळायला घेतलं. दुसऱ्या दिवशी कुंदाची बोटं मिटत नव्हती. तिला मी दोन दिवस भरवलं. घास तोंडात घेताना ती माझ्याकडे बघायची नाही, पण तोंड उघडायची.

आई परत आली तेव्हा कुंदाचे हात अजून सुजलेले होते. आईनं हळद-तेल कोमट करून लावलं आणि दादांना म्हणाली, "हातावर कशापायी मारलं वो? हातानंच तर करती ती." दादा म्हणाले, "हातानंच मोडलं ना तिनं." तेल लावता लावता आईनं एकदा वर मान करून माझ्याकडे बघितलं, आणि नजर काढून घेतली. पुढे कितीतरी वर्षं मी त्या नजरेचा अर्थ माझ्या सोयीनं लावत राहिले.

प्रदर्शनात माझं बाहुलीघर पहिलं आलं. बक्षीस द्यायला आलेल्या बाईंनी वाकून चारी खोल्या बघितल्या, पलंगावरून बोट फिरवलं, फार कौतुक केलं. मग म्हणाल्या, "आणि इथं राहतं कोण?" लोक हसले, मीही हसले. स्टीलचा डबा मिळाला. परत येताना दादा म्हणाले, "आरामखुर्चीचा डावा हात केसभर वर आहे. त्यांना दिसलं नाही, बरं झालं." मी पुन्हा काही केलं नाही. परीक्षा, मग नोकरी, मग लग्न, कारणं मिळत गेली. कुंदानंही केलं नाही. मुलांना पेन्सिलला टोक करून द्यायचं झालं तरी ती दुसऱ्याला सांगायची, हे माझ्या लक्षात आहे. का, ते तिला विचारल्याशिवाय मी कसं सांगू, पण मला वाटतं मला कारण ठाऊक आहे. कंपनी आता बंद पडलीय, कॉलनीवर बारा मजली इमारती आल्यात, प्रेसचं वर्कशॉप चाकणला गेलं. बाहुलीघर दादांनी कधीतरी एका ओळखीच्याला देऊन टाकलं, मला न विचारता.

आई आधी गेली. दादा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे चिंचवडला होते. शरीर थकलं होतं पण डोकं शेवटपर्यंत साफ. एका सकाळी मी त्यांची दाढी करत होते, आणि का कोण जाणे, त्यांच्या गालाला साबण लावलेला असताना, त्यांना बोलता येणार नाही अशा वेळी, मी सांगून टाकलं. "दादा, कुंदाचं ते सामान तिनं आपण होऊन मोडलं नव्हतं. मी मोडायला लावलं होतं. तुमचं नाव सांगून."

त्यांनी टॉवेल मागितला. ओठांभोवतीचा साबण पुसला. "ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

मी वस्तरा मगात बुडवून बाजूला ठेवला.

"तुकडे ओळीनं होते. एकेका वस्तूचे निराळे. रागानं मोडणारं पोर असं ठेवतं होय? तपासणारा ठेवतो."

"मग तिला का मारलंत?"

दादांनी थोडा विचार केला. आठवत नसल्यासारखा नाही, नीट मोजून सांगायचं असल्यासारखा. "प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं. पलंगाला पॉलिश व्हायचं होतं. तुझे हात लागणार होते." मग गाल पुढे केला. "ही बाजू राहिली."

मी ती बाजू केली. त्यानंतर पाच महिन्यांनी दादा गेले. हे मी चार वर्षं कुणाला बोलले नाही. कुंदा जवळच माण गावात राहते, तिचा मुलगा तिथल्याच एका आयटी कंपनीत आहे, आठव्या मजल्यावर फ्लॅट आहे, आणि दर महिन्याला मी दोन दिवस तिच्याकडे जाते. आम्ही दोघी चांगल्या आहोत, म्हणजे होतो. गेल्या थंडीत तिच्याकडे बसून वाटाणे सोलत होतो. तिची बोटं आता संधिवातानं वाकलीत, शेंग उघडायला तिला वेळ लागतो. ती बोटं बघून माझ्यानं राहवलं नाही. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, जाऊ दे ताई, लहान होतो आपण." इथं मी थांबायला हवं होतं. पण मी पुढे गेले. दादा काय म्हणाले तेही सांगितलं, शब्दाला शब्द, त्या पॉलिशसकट.

तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती. ती तशीच धरून ती खिडकीकडे बघत राहिली. बाहेर कुठल्या तरी नव्या इमारतीचं काम चालू होतं.

"हे मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटायचं, त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर मारलं नसतं. इतकी वर्षं मी तेवढ्यावर राहिले होते."

उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. दादांचं ते बोलणं मला एकटीला सोसत नव्हतं, म्हणून मी अर्धं तिच्या पदरात टाकलं होतं. बरं वाटावं म्हणून. त्या शनिवारसारखंच.

तिनं उरलेले वाटाणे सोलले, भात टाकला, मला आग्रहानं वाढलं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी खाली सोडायला आली, रिक्षावाल्याला रस्ता नीट समजावून दिला. आताही मी जाते, ती बोलावते, भांडण असं काही नाही. फक्त ती मला ताई म्हणत नाही. नावानंही हाक मारत नाही. काही सांगायचं असलं की मी तिच्याकडे बघेपर्यंत थांबते, आणि मग बोलायला लागते.